कुत्र्यांचं शेल्टर सुरू करायचंय? आधी बाहेर जाणारी वाट बघा

प्रश्न असा आहे: “मी कराडला राहते, नोकरी करते. आमच्या भागातल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालते, जखमी कुत्र्यांना दवाखान्यात नेते. वडिलांची गावाकडे थोडी जमीन आहे. नोकरी सोडून तिथे शेल्टर सुरू करावं असं मनात घोळतंय. यात सुख काय, त्रास काय, पैसा कुठून उभा राहतो आणि माणूस टिकतो का, हे कुणी अनुभवाने सांगेल का?”

साताऱ्याबाहेर, पुणे-बेंगळुरू हायवेपासून जवळच आमचं केंद्र आहे. बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

जमीन घरची आहे हे वाचून बरं वाटलं. भाड्याच्या जागेत शेल्टर चालवणाऱ्यांची निम्मी ताकद जागामालकाची मनधरणी करण्यात जाते. पण जागा भरायला वेळ लागत नाही. पत्रा टाकून जाळी मारली की पंचक्रोशीत बातमी होते. पहाटे गेटला बांधून ठेवलेलं कुत्रं सापडतं, खोक्यात घालून ठेवलेली पिल्लं सापडतात, “दोनच दिवस ठेवा” म्हणून कुणी लॅब्रेडॉर आणून देतं आणि मग त्याचा फोन लागत नाही. दोन-तीन महिन्यांत सगळे पिंजरे भरतात, आणि शेल्टरचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आत आलेलं प्रत्येक कुत्रं कोणत्या वाटेने बाहेर जाणार हे ज्यांनी आधी ठरवलेलं असतं, त्यांचं केंद्र टिकतं. ज्यांनी ठरवलेलं नसतं त्यांच्याकडे काही वर्षांत कोंडवाडा होतो, मग ती माणसं कितीही प्रेमळ असोत.

बाहेरच्या वाटा तीन. बरं होऊन आपल्या गल्लीत परत, कुणाच्या तरी घरी, किंवा मृत्यू. कायमचं आपल्याकडे राहणारी थोडी असणारच: कंबर गेलेलं, आंधळं, म्हातारपणी टाकून दिलेलं. पण त्यांचा आकडा आधी ठरवून ठेवायचा आणि तो ओलांडायचा नाही. एकाला हळहळून ठेवून घेतलं की त्या पिंजऱ्यात उद्या येणाऱ्या, महिन्याभरात बऱ्या होऊ शकणाऱ्या कुत्र्याची जागा गेलेली असते. हळवं मन घेऊनच आपण सगळे या कामात येतो, त्यामुळे हा हिशोब पचायला फार जड जातो.

पहिली वाट, म्हणजे गल्लीत परत सोडणं, लोकांना निष्ठुरपणाची वाटते. मला ती सगळ्यात चांगली वाटते. गावठी कुत्र्याला त्याचा भाग पाठ असतो. कोणत्या टपरीवर सकाळी खारी मिळते, दुपारी कोणत्या दुकानाच्या पायरीवर सावली असते, कुणाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, सगळं. असं कुत्रं बरं झाल्यावरही डांबून ठेवलं तर खचतं. जाळीच्या कडेने सारखं फिरत राहतं, पाय चाटून चाटून जखम करून घेतं. कायदाही हेच सांगतो. २००१ चे नियम बदलून केंद्र सरकारने २०२३ मध्ये नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणले. त्यांतही नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर, कानाला खूण करून, कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं हे कायम आहे. २०२५ मध्ये मात्र त्यात भर पडली. २२ ऑगस्टच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळता, त्याच भागात परत सोडण्याची पद्धत मान्य केली. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजं, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून हलवलेली कुत्री पुन्हा तिथे सोडू नयेत असं सांगितलं. त्यामुळे एसटी स्टँडवरून फोन आला की गाडी काढण्याआधीच परतीचं काय, हा विचार करावा लागतो. तुम्ही सुरू कराल तेव्हा नगरपालिकेत जाऊन त्या वेळचा आदेश काय आहे तो वाचून घ्या.

आता फोन. दिवसभर वाजत असतो. फोन करणाऱ्या बहुतेकांना कुत्रं बरं व्हायलाही हवं असतं आणि डोळ्यांसमोरून जायलाही हवं असतं. त्यांच्यावर चिडू नका. रस्त्यात थांबून कुणीतरी नंबर शोधला, फोन केला, हेच पुष्कळ झालं. फक्त तीन गोष्टी मागा: छोटासा व्हिडिओ, लोकेशन, आणि आम्ही पोचेपर्यंत तिथे थांबण्याचा शब्द. शेवटची अट आम्ही सोडत नाही. जखमी कुत्रं दुखण्याने कोपरा शोधतं, उसात शिरतं, आणि एकदा उसात शिरलेलं कुत्रं चार माणसं लावूनही सापडत नाही.

व्हिडिओ पाहिल्यावर कळतं की बऱ्याच कुत्र्यांना उचलायची गरजच नसते. लूत लागून केस गेलेलं कुत्रं फार भयानक दिसतं, पण डॉक्टरांनी वजनाच्या अंदाजाने दिलेली गोळी चिकनच्या तुकड्यात घालून त्याच भागातल्या माणसाने ठरलेल्या दिवशी दिली, तर जागेवर बरं होतं. मादीच्या किंवा नराच्या जननेंद्रियातून रक्त गळतंय, फुलकोबीसारखी गाठ दिसतेय, तर तो बहुधा समागमातून पसरणारा कर्करोग असतो. कर्करोग म्हटलं की लोक आशा सोडतात. हा मात्र व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांत बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. अशी एखादी मादी आठवड्यागणिक सुधारताना बघणं हे या कामातलं खणखणीत सुख आहे. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली, चौथ्या आठवड्यात जेवणाच्या बादलीवर उडी मारते.

हायवेमुळे आमच्याकडे अपघात जास्त. इथे एक तपासणी तुम्ही स्वतः नीट समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय तिच्यावर असतात. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याच्या पायाचं बोट डॉक्टर चिमट्याने जोरात दाबतात. पाय आखडला एवढ्यावर खूश व्हायचं नाही, तो मणक्यातल्या मणक्यातच होणारा झटका असू शकतो. कुत्र्याने मान वळवून पाहिलं, ओरडलं, चावायला आलं, तर वेदना मेंदूपर्यंत पोचतेय आणि ते पुन्हा चालण्याची आशा चांगली. काहीच कळलं नाही तर वाट बिकट आहे. त्याची लघवी दिवसातून दोन-तीनदा पोट दाबून काढावी लागते, ढुंगण सतत कोरडं ठेवावं लागतं, नाहीतर घासून जखमा होतात. चाकांची गाडी लावून पळणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ सगळ्यांना आवडतो. त्यामागे रोज तीनदा पोट दाबणारा एक माणूस असतो, आणि तो तुमच्याकडे आहे का हे आधी बघायचं. कंबरेचं हाड मोडलेल्या कुत्र्यांचं उलट असतं. एक्स-रे बघून घाबरायला होतं, पण त्यांतल्या कित्येकांना चार ते सहा आठवडे छोट्या पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती पुरते. अवघड हाडांसाठी आम्ही शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार घेतो. तुम्हीही तिथे ओळख करून ठेवा.

पावसाळा म्हणजे अळ्या. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडतात आणि त्या मांस खात आत शिरतात. मान किंवा कानामागची जागा जास्त, कारण तिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही. वास पन्नास फुटांवरून येतो. गावात लोक चांगल्या मनाने त्यावर फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओततात. अळ्या वर येतात खऱ्या, पण उरलेलं मांस जळतं आणि कुत्रं वेदनेने पळून जातं, ते मग हातीच लागत नाही. आमची पद्धत अशी. तोंडाला पट्टीचा फास, एक जण डोकं आणि खांदा धरून. भोवतीचे केस कापायचे, कारण दिसतं त्याच्या दुप्पट जागा आतून पोखरलेली असते. अळ्यांचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचं. हळूहळू त्या श्वासासाठी वर यायला लागतात, शेपटीकडचं टोक वर करून. मग चिमट्याने एकेक काढायची, तुटू न देता. वरची साफ झाली की कातडीखालचे कप्पे बोटाने चाचपायचे, तिथे दुसरी फळी असते. सलाईनने धुवायचं, औषध भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. पहिल्या दिवशी चावायला धावलेलं कुत्रं तिसऱ्या दिवशी बऱ्याचदा स्वतःहून मान पुढे करतं. नव्या मुलांना मी पहिलं काम हेच देते. ज्याला हे जमलं त्याला पुढचं सगळं जमतं.

भाद्रपदाची कुत्री गावाकडे सगळ्यांना माहीत असतात. माजावर आलेल्या मादीमागे दहा-बारा नर, मारामाऱ्या, चावे, रस्त्यावर धावताना अपघात. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे पिल्लंच पिल्लं. आणि पिल्लांपाठोपाठ पार्व्हो हा विषाणूचा रोग. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या, मग रक्ताची हगवण, त्याचा तो विशिष्ट वास. काल खेळणारं पिल्लू आज मान टाकतं. सलाईन, उलटी थांबवायचं औषध, ऊब, दर काही तासांनी बघणं, रात्रभर. काही वाचतात, काही जातात. एकाच खोक्यातली सहा पिल्लं एकामागून एक जाताना पाहणं हा माझ्या मते या कामातला सगळ्यात वाईट आठवडा असतो, आणि तो दरवर्षी येतो.

म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक, बांधकाम करताना नव्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली आधी बांधा. स्वयंपाकघराच्या आधी, ऑफिसच्या आधी. नवीन आलेलं कुत्रं दोन आठवडे तिथे, त्याची भांडी वेगळी, झाडू वेगळा, चपला वेगळ्या. फरशी सिमेंटची, उताराची. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभरही तग धरतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीचिंग लागतं: एक भाग द्रव ब्लीचला तीस भाग पाणी, घाण आधी धुऊन मग, आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. दुसरं, आईजवळ धडधाकट असलेली पिल्लं उचलून आणू नका आणि कुणी आणून दिली तर समजावून परत ठेवायला लावा. गटाराच्या पाइपात, आईच्या दुधावर असलेलं पिल्लू शेल्टरमधल्या पिल्लापेक्षा बहुतेक वेळा जास्त सुरक्षित असतं. त्याला तिथेच खाणं पोचवा, सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस द्या, आणि आईची नसबंदी करा.

घरं शोधण्याचं काम मला अजूनही उपचारांइतकंच महत्त्वाचं वाटतं, पण बहुतेक शेल्टरमध्ये ते उरलेल्या वेळात होतं. नर पिल्लू, त्यातून पांढरं किंवा ‘फरवालं’, लगेच जातं. काळी मादी राहते. “मादी नको, पिल्लांची कटकट” हे वाक्य रोज ऐकू येतं. आम्ही नसबंदी करूनच मादी देतो आणि तसं स्पष्ट सांगतो, तेव्हा काही दारं उघडतात. घर बघायला जाताना बंगला किती मोठा हे मी बघत नाही. घरातल्या आजींना विचारलंय का? भाड्याचं घर असेल तर घरमालकाला माहीत आहे का? गणपतीत सगळे गावाला जातात तेव्हा कुत्रं कुणाकडे? साखळी कुठे बांधणार, आणि किती वेळ? या प्रश्नांवर उत्तर अडखळलं की आम्ही थांबतो. माझ्या अनुभवात शेतावर राहणारा वॉचमन, टपरीवाला, एकट्या राहणाऱ्या काकू यांची घरं फार चांगली निघतात, कारण तिथे कुत्रं दिवसभर माणसाच्या पायात असतं. आमचं एक तीन पायांचं कुत्रं वाईकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेलं. रात्री गोठ्याकडे परकं माणूस फिरकू देत नाही आणि दिवसा म्हशीच्या पाठीला टेकून झोपतं. ते शेतकरी दादा दर दसऱ्याला त्याचा हार घातलेला फोटो पाठवतात. तो फोटो मी पिंजरे धुणाऱ्या सगळ्यांना दाखवते, कारण त्यांच्या हातून ते वाचलं.

परत येणारी कुत्रीही असतात. बाळ होणार आहे, बदली झाली, सोसायटीने नोटीस दिली. परत घ्यायचंच, एक शब्दही न बोलता. बोललात तर पुढचा माणूस तुमच्याकडे आणायच्या ऐवजी घाटात सोडून येईल. घाटात सोडलेल्या जातिवंत कुत्र्यांची अवस्था गावठी कुत्र्यांपेक्षा वाईट होते. उन्हाने बेजार झालेली हस्की, पिल्लं काढून काढून स्तनांना गाठी झालेली लॅब्रेडॉर मादी, कंबर गेलेलं जर्मन शेफर्ड. त्यांना उष्टं शोधता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, दर गाडीला आपली गाडी समजून धावतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असं टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्या वर्षांत तो बदललेला नाही याचा मला मनापासून संताप येतो. कुत्र्याला मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावता येतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस ठाण्यात जाताना हे कलम लिहूनच न्या.

पैशांचं आता. साधारण १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाव किलो कोरडं खाद्य धरा. ५० कुत्र्यांना रोज साडेबारा किलो, महिन्याला पावणेचारशे किलो. त्यामुळे बहुतेक जण कणी तांदूळ आणि कोंबडीच्या दुकानातले पाय-माना उकडून घालतात. स्वस्त पडतं, पण गॅस, मोठी पातेली आणि रोज पहाटे उठणारी एक मावशी लागते. त्यावर औषधं, लसी, डॉक्टरांची फी, गाडीचं डिझेल, बोअरचं बिल, कामगारांचे पगार. रक्ताळलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला की ऑपरेशनचे पैसे दोन दिवसांत जमतात. पगाराला आणि ब्लीचिंगला मात्र कुणी देत नाही, आणि शेल्टर बंद पडतं ते पगार थकल्यानेच. दर महिन्याला दोनशे-पाचशे देणारी साधी माणसं जोडा: शिक्षक, बँकेतले कर्मचारी, मेडिकलवाले. एकदाच पन्नास हजार देणाऱ्यापेक्षा ती शंभर माणसं तुम्हाला जगवतात. त्यांना महिन्याला एक पानभर हिशोब पाठवा, मेलेल्या कुत्र्यांच्या आकड्यासकट. लोक मृत्यू समजून घेतात, लपवाछपवी सहन करत नाहीत.

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली, नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी. पुढे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. ८०जीची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयनेच मागा. परदेशातल्या मराठी मंडळींना मदत करायची खूप इच्छा असते. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात, पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, मग ते सख्खे मामा का असेनात. “इथून एखादं कुत्रं आमच्याकडे पाठवा” असंही कॅनडातून विचारतात. २०२२ च्या सप्टेंबरपासून कॅनडाने भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्री आणणं बंद केलंय, तेव्हा ती आशा धरू नका. विश्वस्तांत सगळे घरचेच घेऊ नका. एक हिशोब कळणारा आणि एक तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकणारा, असे दोघं तरी बाहेरचे हवेत.

गावाशी नातं हा वेगळाच विषय आहे, आणि तुमची जमीन गावात आहे म्हणून त्यावर थांबते. रात्री कोल्हेकुई झाली की ५० कुत्री एका सुरात सुरू होतात. शेजारच्या वस्तीत लहान मूल असेल, दहावीची मुलगी अभ्यास करत असेल, त्यांचा राग रास्त आहे. एखादं कुत्रं सुटून शेळीच्या मागे लागलं तर भरपाई त्याच दिवशी द्यायची, वाद घालायचा नाही. सुरुवातीलाच ग्रामपंचायतीत जा, सरपंचांना भेटा, आणि तुमच्या खर्चाने गावातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस द्या. गावाला तुमचा उपयोग झाला तर गाव तुम्हाला सांभाळतं. आपल्याकडे उसात बिबट्या असतो, हेही लक्षात घ्या. त्याला कुत्रं सगळ्यात सोपं. भिंत उंच केली तरी तो येतो, वरूनही जाळी लागते.

आणि कुणाला कुत्रं चावलं तर आधी त्या माणसाच्या बाजूने उभं राहा. प्राणिप्रेमी म्हणवणारे इथे चुकतात असं मी ठामपणे म्हणेन. चावलेल्या मुलाच्या आईला “तुम्हीच छेडलं असेल” म्हणणाऱ्या माणसाने कुत्र्यांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दगड मारणाऱ्याने केलेलं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगभरातल्या त्याच्या बळींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, त्यावर हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेभोवती देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही मागायचं. शेजारच्या गोव्यात बघा. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी २०१३ नंतर तिथे घरोघर, किनाऱ्यांवर, बाजारांत कुत्र्यांना लस द्यायचा सपाटा लावला. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ घोषित होणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. कुत्र्यांची कत्तल न करता हे झालं. आपल्या तालुक्यात का होऊ नये, असं मला दर पावसाळ्यात वाटतं.

तिसऱ्या वाटेबद्दल कमी बोललं जातं. डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाने झटके येत असलेलं, अन्नपाणी बंद झालेलं पिल्लू. ट्रकखाली चिरडलेलं, वाचण्याची शक्यता नसलेलं कुत्रं. अशा वेळी पात्र पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मृत्यू देणं ही त्या जिवाची शेवटची सेवा आहे असं मी मानते. काही जण याला पाप म्हणतात, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. आमच्याकडे डॉक्टर, रोज त्या कुत्र्याला भरवणारा कामगार आणि मी, असे तिघं बोलतो. रोज भरवणाऱ्याला बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं.

माणूस टिकतो का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ ओळखीच्या लोकांकडे बघून द्यावं लागेल. जे थांबले त्यांतले बहुतेक कुत्र्यांमुळे थांबले नाहीत. रात्री दोनला येणारे फोन, “तुम्ही कसले प्राणिमित्र” अशा शिव्या, पदरमोड करून रिकामा झालेला संसार, यांनी ते थकले. काही जण थांबले नाहीत आणि नाहीही म्हणू शकले नाहीत. त्यांच्या घरात आज माणसाला बसायला जागा नाही, कुत्र्यांना लस नाही, आणि बाहेरच्या कुणाला ते आत येऊ देत नाहीत. तेही कधीकाळी तुमच्यासारखेच एका जखमी पिल्लापासून सुरू झाले होते. म्हणून रात्रीचा फोन पाळीने ठेवा. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टी, गावाबाहेर. पिंजऱ्यांचा आकडा गेटवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे नाही म्हणताना तो आकडा बोलतो. पगारी माणसं स्वयंसेवकांच्या आधी बघा. रविवारी येणारी कॉलेजची मुलं फार गोड असतात, त्यांच्यातूनच उद्याचे लोक घडतात, पण सोमवारी सकाळी सहाला पिंजरा धुवायला पगारी माणूसच येतो. त्याला वेळेवर पगार, रेबीजची लस, बूट-हातमोजे आणि सन्मान, चारही द्या.

तेव्हा नोकरी इतक्यात सोडू नका. पहिलं वर्ष कराडमध्येच काढा. तुम्ही खाऊ घालता त्या भागातल्या सगळ्या माद्यांची नसबंदी भाद्रपदाच्या आत होईल असं बघा. नगरपालिकेच्या मागे लागा, नाही जमलं तर डॉक्टरांशी दर ठरवून एकेक करा. आजारी कुत्रं एका वेळी एकच घरी ठेवून बरं करा आणि त्याला बाहेर पाठवा, गल्लीत किंवा घरात. सुट्ट्या जमवून एखाद्या चालू शेल्टरमध्ये पावसाळ्याचे काही आठवडे राहा, आमच्याकडे आलात तरी चालेल. तिथे फोटो काढायचे नाहीत, अळ्या काढायच्या आणि फरशी धुवायची. त्यानंतरही हेच करावंसं वाटलं तर जमिनीवर आधी ती वेगळी खोली आणि मोजके पिंजरे बांधा.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. तुम्ही आजच जखमी कुत्री हाताळताय, तेव्हा चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस या आठवड्यात सुरू करा: पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, २१ किंवा २८ व्या दिवशी तिसरा. ती घेतलेली असली तरी पुढे कधी कुत्रं चावलं तर जखम धुऊन डॉक्टरकडे जावंच लागतं, फक्त तेव्हा डोस कमी पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.